गॅलिनाच्या स्फटिकाची सनद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पेटंट-दप्तरात ७,५५,८४० या क्रमांकाची एक सनद नोंदलेली आहे. ३० सप्टेंबर १९०१ रोजी तिच्यासाठी अर्ज गुदरला गेला, २९ मार्च १९०४ रोजी ती मंजूर झाली, आणि संशोधक म्हणून तीत कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बसूंचे नाव आहे. अर्धसंवाहक पदार्थाच्या उपकरणाला मिळालेली जगातील पहिली सनद म्हणून आज तिचा निर्देश होतो. आणि ज्या पुरुषाच्या नावे ती निघाली त्याला ती अंतःकरणापासून नकोच होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या इतिहासाविषयी अधिकच आस्था वाटू लागते.

केंब्रिजहून शिकून आलेले बसू १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले, तेव्हा हिंदी माणसाला त्याच कामासाठी युरोपियनापेक्षा कमी वेतन देण्याचा सरकारी शिरस्ता होता. तो अमान्य करून त्यांनी तीन वर्षे वेतनाला स्पर्श केला नाही, मात्र अध्यापनात खंड पडू दिला नाही. प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. एका लहानशा खोलीत, देशी कारागिराच्या हातून घडविलेल्या साहित्यावर, १८९४ पासून त्यांचे विद्युत्-तरंगांवरील संशोधन सुरू झाले. हर्ट्झचे तरंग लांब असल्यामुळे त्यांचे परावर्तन वा वक्रीभवन दाखवायचे तर अवजड सामग्री लागे. बसूंनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण करून तेच प्रयोग मेजावर मांडता येतील असे केले. त्या तरंगांचे ध्रुवण करण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानापानांत कथिलाचा वर्ख घातला, तागाचे पीळ दिलेले झुबकेही वापरले. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे सर्व त्यांनी विद्वत्सभेपुढे करून दाखविले.

तरंग निर्माण करण्यापेक्षा तो आला आहे हे ओळखणे अधिक बिकट होते. त्या काळच्या ग्राहकात काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. तरंग येताच कीस सांधला जाऊन त्यातून प्रवाह वाहू लागे, आणि पुढचा तरंग टिपण्यासाठी नळीला टिचकी मारून तो विस्कळीत करावा लागे. कलकत्त्याच्या दमट हवेत असले साधन भरवशाचे ठरेना. बसूंनी प्रथम किसाऐवजी पोलादी तारेच्या स्प्रिंगा योजल्या, मग एकेक धातू आणि एकेक खनिज हाती घेऊन त्यांच्या स्पर्शबिंदूचा स्वभाव तपासला, आणि या दीर्घ चिकाटीतून ते गॅलिनापर्यंत, म्हणजे शिसे व गंधक यांच्या नैसर्गिक संयुगापर्यंत, येऊन पोहोचले. गॅलिनाच्या स्पर्शबिंदूतून बारीक प्रवाह सोडून ठेवला असता तरंग येताच तेथला रोध उतरे, गॅल्व्हानोमीटरचा काटा हले, आणि तरंग थांबताच सर्व काही आपोआप पूर्ववत होई. विशेष हे की हेच उपकरण प्रकाशालाही प्रतिसाद देई. म्हणून बसू त्याच्याकडे एक प्रकारचा कृत्रिम नेत्र म्हणून पाहत. पुढे वनस्पतींच्या संवेदनेचा जो शोध त्यांनी आरंभिला, त्याची वाट या निर्जीव खनिजाच्या प्रतिसादातूनच निघाली.

१९०१ च्या मे महिन्यात लंडनमध्ये एका तारायंत्र-कंपनीच्या धनिक मालकाने पेटंट घेऊन नफ्यात भागी करण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला. तो त्यांनी नाकारला, आणि पैशाच्या या हव्यासाविषयीचा आपला उद्वेग रवींद्रनाथांना पत्राने कळविला. विद्येचे दान करावे, विक्रय करू नये, ही त्यांची निष्ठा होती. परंतु विवेकानंदांच्या शिष्या सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरला, आणि अर्ज गेला. सनदेतील अर्धा हिस्सा बुलबाईंच्या नावे आहे. तो हक्क चालवून द्रव्य मिळविण्याची खटपट बसूंनी पुढे केली नाही, आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी स्थापिलेल्या आपल्या संशोधनमंदिरातही पेटंट घेऊ नयेत असेच धोरण त्यांनी ठेवले.

या निरिच्छतेपुढे मस्तक नमते. तरीही माझ्या मते या प्रसंगी त्या दोघी स्त्रियांचाच विचार अधिक दूरदृष्टीचा होता. पेटंट हा केवळ इजारा नव्हे. सरकार ठराविक मुदतीपुरता हक्क देते, आणि मोबदल्यात संशोधकाने आपली युक्ती कोणाही जाणकाराला पुन्हा रचता येईल इतक्या तपशिलाने उघड करावी लागते. आपल्या देशातही १८५६ च्या कायद्यान्वये हीच रीत आली, आणि तिचा पहिला लाभ कलकत्त्याच्या द पेनिंग नामक इंजिनियराला पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी मिळाला. ज्ञान लोकांपुढे ठेवण्याचा बसूंचा जो हेतू होता, तो सनदेने बाधित न होता उलट तिथीमितीसह पक्का झाला. पराधीन देशातील संशोधकाला तर अशा दाखल्याची गरज इतरांहून अधिक होती.

१९०६ साली अमेरिकेत पिकार्ड यांनी सिलिकॉनच्या आणि डनवुडी यांनी कार्बोरंडमच्या ग्राहकाची पेटंटे मिळविली, आणि पुढे गॅलिनाच्या खड्यावर बारीक तार टेकवून ऐकण्याचे स्फटिकसंच घरोघर झाले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले तेव्हाही बॅटरीवाचून चालणारा स्वस्त संच म्हणजे हाच. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी ब्रॅटन यांनी पिअर्सन यांच्यासह १९५५ साली अर्धसंवाहकांच्या संशोधनाचा इतिहास लिहिला, आणि रेडिओतरंग टिपण्यासाठी असा स्फटिक प्रथम वापरल्याचे श्रेय त्यांनी बसूंना दिले.