मराठी बातम्या, दूरदर्शनवरील

मुंबई दूरदर्शन केंद्राचे मराठी वार्तापत्र. भारतात दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला; मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथे सुरू झाले. विश्वास मेहेंदळे हे या केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक मानले जातात.

१ एप्रिल १९७६ रोजी स्वतंत्र होईपर्यंत दूरदर्शन हे आकाशवाणीचेच अंग होते, आणि त्याचा ठसा वार्तापत्रावर दीर्घकाळ राहिला. बातमी मुळात कानासाठी लिहिलेली असे : आटोपशीर वाक्ये, प्रमाण मराठी, विशेषनामांचे काटेकोर उच्चार. चित्रांची बाजू त्या मानाने दुबळी होती. १६ मिमी. फिल्मवर घेतलेली दृश्ये रसायनशाळेत धुऊन व संपादित करून मगच दाखविता येत; सायंकाळी उशिरा घडलेल्या घटनेचे चित्र त्याच दिवशी मिळणे अवघड असे. साहजिकच वार्तापत्राचा भार निवेदकाच्या चेहऱ्यावर व वाणीवर पडे. अक्षरे डोळ्यांसमोर सरकविणारी यंत्रणा नसताना हातातील कागदावरून वाचायचे आणि वाक्याच्या अखेरीस मान वर करून प्रेक्षकांकडे पाहायचे, हे कौशल्य वाटते तितके सोपे नव्हते. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे इ. निवेदक याच काळात घरोघरी परिचित झाले. स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून बातम्या वाचीत, अशी आठवण सांगितली जाते. श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते या बातम्यांमुळे. प्रदीप भिडे (मृत्यू २०२२) यांनी मात्र वृत्तनिवेदन हेच आपले मुख्य क्षेत्र मानले.

भाषेचा हा दर्जा निर्विवाद असला, तरी आशयाला शासकीय चौकटीची मर्यादा होती. आणीबाणीत (१९७५–७७) ती विशेष जाणवली. प्रमुख वृत्तसंस्था १९७६ मध्ये ‘समाचार’ या एकाच संस्थेत विलीन करण्यात आल्या व १९७८ मध्ये पुन्हा विभक्त झाल्या. मंत्र्यांचे दौरे आणि उद्‌घाटने यांनाच अग्रक्रम मिळतो, ही प्रेक्षकांची तक्रार त्यानंतरही कायम राहिली व ती निराधार नव्हती.

याहून कमी चर्चिला गेलेला प्रश्न प्रक्षेपणाच्या पल्ल्याचा होय. १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसर जोडला गेला. तथापि उर्वरित महाराष्ट्राचा बराच भाग अनेक वर्षे या पल्ल्याबाहेर होता. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने उभारले गेले. हे प्रक्षेपक उपग्रहाद्वारे मुख्यतः दिल्लीचेच कार्यक्रम सहक्षेपित करीत. परिणामी विदर्भ-मराठवाड्यातील अनेक नगरांत दूरचित्रवाणी आली ती दिल्लीच्या हिंदी-इंग्रजी बातम्या घेऊन. मुंबईच्या मराठी बातम्या तेथे नंतर पोहोचल्या. राज्याचे म्हणविणारे वार्तापत्र प्रारंभी मुंबई-पुण्याचेच होते, असे म्हणणे वावगे ठरू नये. वृत्तांची निवडही त्यास अनुसरून होई.

१५ ऑगस्ट १९९४ रोजी उपग्रहावरून स्वतंत्र मराठी वाहिनी सुरू झाल्यावर हे चित्र पालटले. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तत्पूर्वी १९९७ मध्ये दूरदर्शन प्रसारभारती या निगमाकडे आले होते. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ व ‘स्टार माझा’ या अहोरात्र वृत्तवाहिन्या आल्या आणि मराठी बातम्यांतील दूरदर्शनचे अग्रस्थान गेले. तरीही सह्याद्रीवरील बातम्या चालू राहिल्या व त्यांची संयत वाचनपद्धतीही बव्हंशी टिकून राहिली.