अस्त्र आणि धनुष्य : कोंडाण्याचे शिल्प व महाभारताची संहिता

राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. काही पुरुषांच्या हाती धनुष्य आहे. लेणे बौद्ध, काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी पहिले शतक. कण्हाचा शिष्य बलक याने ते घडविल्याचे तेथील ब्राह्मी लेख सांगतो. या धनुर्धरांत अर्जुन शोधण्याचे कारण नाही. तरीही महाभारताची संहिता आकार घेत होती त्याच शतकांतील हे आयुध आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकालाही त्याची साक्ष मोलाची वाटावी.

ही साक्ष एकाकी नाही. ताड, बांबू, लाकूड व शिंग यांपासून केलेल्या धनुष्यांची नावे कौटिल्य देतो. पुरुषभर उंचीचे धनुष्य जमिनीवर टेकवून, त्यावर डावा पाय रोवून बाण सोडणारे भारतीय पायदळ ॲरियन वर्णितो. महाकाव्याची अद्भुत अस्त्रे याच परिचित आयुधाच्या आधाराने उभी राहतात : बाण तोच, मंत्राने त्याचे अस्त्र होते.

हा मंत्र वजा करून उरलेल्यात तोफा-बंदुका शोधण्याचा मोह जुना आहे. गुस्ताव ओपर्ट यांनी १८८० मध्ये नीतिप्रकाशिका व शुक्रनीती यांच्या आधारे प्राचीन भारतात दारूगोळा होता असे मांडले. शुक्रनीतीतील बंदुकीची वर्णने उत्तरकालीन असल्याने हे प्रतिपादन टिकत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी दारूकामाचा इतिहास लिहिताना १४०० नंतरची साधने धरली, हे येथे ध्यानात घ्यावे. आजही ब्रह्मास्त्राला अणुबाँब म्हणणारे भेटतात. इतिहासदृष्ट्या ते चूक आहेच. मला अधिक खुपते ते हे की, अशा वाचनात काव्यच हरवते.

कारण महाभारताला अस्त्राच्या संहारशक्तीपेक्षा त्याच्या उपसंहाराची चिंता अधिक आहे. सौप्तिकपर्वात ब्रह्मशिर अस्त्र दोघेही सोडतात. अर्जुन ते परत घेऊ शकतो, अश्वत्थामा नाही, आणि ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळते. विद्या गुरूने दिलेली एकच. भेद आहे तो धारण करणाऱ्याच्या संयमाचा. कोणत्याही यंत्राच्या परिभाषेत हा भेद मावत नाही.

मौसलपर्वात तर अस्त्र आठवतच नाही. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर दस्यू चालून येतात. गांडीव मोठ्या कष्टाने सज्ज होते. दिव्यास्त्रे मनात उमटत नाहीत, अक्षय म्हणविलेले बाणही सरतात. मग तो धनुष्याच्या टोकाने दस्यूंना मारू लागतो.