कारखाना कायदा आणि कामगाराची बोटे

आपल्या घराचे फाटक, खिडकीची जाळी, गोदामाचे छप्पर लोखंडकामाच्या ज्या दुकानांत तयार होते, तेथे बहुधा पाचसहा माणसे राबतात. त्यांच्या बोटांचा इतिहास एका आकड्याशी बांधलेला आहे.

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. धोक्याच्या यंत्राला कुंपण घाला, अपघात कळवा, असे तो सांगे. पण जेथे १०० माणसे असतील तेथेच. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना आठवते. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा पंगू झाल्यास निर्वाहाची तजवीज, ही मागणीही त्याच अर्जात होती. सुटी १८९० मध्ये मिळाली. नुकसानभरपाईच्या कायद्याला १९२३ साल उजाडले.

आकडा मात्र हळूहळू उतरत गेला. १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २० आणि १९४८ च्या कायद्यात, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी, १०. पुढे २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि कारखान्याच्या व्याख्येत हा आकडा २० आहे. पाचसहा माणसांचे दुकान आधीही बाहेर होते. आता ते अधिकच दूर गेले.

आपल्याच भूगावच्या पोलाद कारखान्यात ३ फेब्रुवारी २०२१ रोजी तीसहून अधिक कामगार होरपळले. ती बातमी देशभर गेली. लहान दुकानात बोट तुटले तर गल्लीबाहेर कळत नाही.

वस्तुतः कारणे साधी असतात. मोठे चाक बसावे म्हणून ग्राइंडरचे कव्हर काढून ठेवतात. चाक फुटले की तुकडा थेट तोंडावर येतो. प्रेसखाली पत्रा हाताने सारतात, आणि दमलेला पाय पेडलवर अवेळी पडतो. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, ही सोय काही नवी नाही. ती असली की माणसाची चूक त्याच्या बोटांवर बेतत नाही.

संघटनेच्या कामात एका पोराची दोन बोटे गेल्याचा कागद माझ्या हाती आला होता. कारण लिहिले होते, ‘स्वतःचा निष्काळजीपणा’. प्रेसला जाळी नव्हती, हे कोणी लिहिले नव्हते.

म्हणून फाटकाचा भाव ठरवायला जाल, तेव्हा चाकावर कव्हर आहे का आणि पोराच्या डोळ्यांवर चष्मा आहे का, एवढे जरूर विचारा.