पहिल्या लोंबीचा सण

नाताळ जगभर बहुतेक ठिकाणी एकाच तारखेला येतो. नव्या भाताबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाचे तसे नाही. गोव्यात सासष्टीतल्या राय गावी तो 5 ऑगस्टला, ताळगावात 21 ऑगस्टला, मंगळूरकडे 8 सप्टेंबरला. मुंबई आणि वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावांत त्याचे नाव आगेरा, आणि त्याला ऑक्टोबरचा पहिला रविवार उजाडावा लागतो. किनारा एकच, धर्म एकच, लोंबीही भाताचीच. पण शेते वेगळी, पेरण्या वेगळ्या.

हा हिशेब जुना आहे. मोशेच्या नियमशास्त्रात पिकाची पहिली पेंढी याजकाकडे न्यावी आणि त्याने ती परमेश्वरासमोर ओवाळावी, असे सांगितले आहे. ती ओवाळेपर्यंत नव्या धान्याची भाकर खायची नाही. म्हणजे आधी आभार, मग घास. पुढे ख्रिस्ती मंडळींनी पेंढीबरोबर फळेही आणली. तिसऱ्या शतकाच्या आसपासचा म्हणून ओळखला जाणारा ‘अपोस्टॉलिक ट्रॅडिशन’ हा ग्रंथ तर कोणत्या फळांना आशीर्वाद द्यायचा याची यादीच देतो. द्राक्षे, अंजीर, डाळिंब, बदाम चालतील. भोपळा, काकडी, कांदा, लसूण चालणार नाहीत. फुलांत गुलाब आणि लिली एवढीच. कांद्याने देवाचे काय बिघडवले होते, ते ग्रंथकाराने सांगितलेले नाही. युरोपातही तारखा पिकाच्या मागेच धावल्या. द्राक्षे पिकतात ऑगस्टमध्ये, म्हणून त्यांचा आशीर्वाद 6 ऑगस्टला. इंग्लंडात नव्या गव्हाचा पाव वेदीवर ठेवण्याचा दिवस होता 1 ऑगस्ट.

1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट पाद्री मुंबईकडच्या साष्टीच्या भातशेतांत शिरले. तिथे पहिल्या लोंबीचा मान कुणी शिकवायची गरजच नव्हती. कोकणात आजही दसरा-कोजागिरीच्या सुमारास दारावर ‘नवं’ बांधतात: भाताची लोंबी, नाचणी, वरी, कुरडूचे फूल, आंब्याचे पान. बाप्तिस्मा घेतलेला शेतकरी तेच शेत कसत राहिला. लोंबी दाराऐवजी वेदीकडे गेली, एवढाच काय तो बदल. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. गावचे ख्रिस्ती कुळंबी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांची बोली मराठीच होती आणि राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव पुष्कळ नंतरचे. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारदरबारी ठसवण्यासाठी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी ते घेतले. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांनी ‘पूर्वेचे’ म्हणवून घ्यावे, ही गंमत तेव्हापासूनची.

गोराई, मनोरी, उत्तन ही धारावी बेटावरची गावे (झोपडपट्टीची धारावी वेगळी). आगेऱ्याचा जुना रिवाज अशा गावांत नीट कळतो. लुगडी नेसलेल्या बायका, बँड किंवा घुमट, सजवलेली बैलगाडी अशी मिरवणूक शेतावर जाते. फादर शेतावर पवित्र पाणी शिंपडतात, विळ्याने पहिली मूठ कापतात, मग ती पेंढी वाजतगाजत देवळात येते. गावचे ख्रिस्ती लोकही चर्चला देऊळच म्हणतात. मिस्सेनंतर आशीर्वाद दिलेल्या लोंब्या घरोघर वाटल्या जातात.

गोव्यातल्या राय गावचे चर्च ‘हिमाच्या माते’चे. रोममध्ये बर्फ पडल्याच्या दंतकथेवरून आलेले हे नाव ऐन पावसाळ्यात चिखलातल्या भाताला लाभले. तिथे ऑगस्टच्या सुरुवातीला कापलेले कणीस बरेचसे हिरवेच असते. मंगळूरकडचा मोंती सण फरंगीपेठच्या जोआकिम मिरांडा या गोवेकर पाद्र्यांनी 1763 च्या सुमारास सुरू केला, असे मानतात. तो मरियेच्या जन्मदिनाला जोडलेला. मुले नऊ दिवस फुले वाहतात. आशीर्वादाचे दाणे घरी सोलून, वाटून नारळाच्या दुधात किंवा खिरीत घालतात, घरातला वडीलधारा माणूस ते सर्वांना देतो, मग केळीच्या पानावर शाकाहारी जेवण. एरवी मासळीवाचून ज्यांचे पान हलत नाही, त्यांचे हे जेवण.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा कापणीचा सण मात्र दुसऱ्या वाटेने आला. कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो गावचे पाद्री रॉबर्ट हॉकर यांनी 1 ऑक्टोबर 1843 ला नव्या गव्हाच्या पावाने प्रभुभोजन ठेवले. तोही ऑक्टोबरचा पहिला रविवारच, पण हा निव्वळ योगायोग. तिथून तो सण इंग्लंडभर पसरला आणि मिशनऱ्यांबरोबर भारतात उतरला. महाराष्ट्रातल्या चर्चांत या उपासनेला लोक धान्य, भोपळे, अंडी, कधी जिवंत कोंबडीसुद्धा घेऊन येतात. उपासना आटोपली की लिलाव. पाच रुपयांच्या लिंबाला पन्नास मोजणारा भाविक असतोच, आणि त्याला चढवणारा शेजारीही.

मुंबईतल्या आगेऱ्याची अडचण वेगळी. मरोळच्या भातखाचरांजवळ जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्टचे देऊळ 1840 च्या साथीनंतर ओस पडले. 1973 मध्ये त्याच्याभोवती ‘सीप्झ’ हे निर्यात-उद्योगांचे क्षेत्र उभे राहिले; आता तिथे इलेक्ट्रॉनिक्स आणि दागिन्यांचे कारखाने आहेत आणि देवळाच्या भिंती कुंपणाच्या आत आहेत. अंधेरी-कुर्ल्याच्या गावठाणांत कापायला शेतच नाही, म्हणून लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. ज्या सणाचा दिवस भाताने ठरवला, त्यात आता रविवार पक्का असतो आणि भात कुठून मिळणार याची चौकशी आधीपासून चालते. आखातात राहणाऱ्या मंगळूरकरांचेही तसेच: तिथल्या वाळूत 8 सप्टेंबरला काहीच पिकत नाही, पण गावाहून पाठवलेले चार दाणे खिरीच्या पातेल्यात पडतात आणि पंगत बसते.