अट, मुदत आणि हमी

मार्च 1989 मध्ये केंद्र सरकारने डहाणूच्या औष्णिक वीज प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी दिली. प्रकल्प होता मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीचा, क्षमता 500 मेगावॉट. कोळसा जळणार होता डहाणूच्या खाडीकाठी आणि दिवे लागणार होते मुंबईत. डहाणूच्या उत्तरेला किनाऱ्याने नरपड, चिखले, घोलवड ही चिकूच्या वाड्यांची गावे. आतल्या बाजूला वारल्यांचे पाडे. एकाने वापरायचे आणि दुसऱ्याने सोसायचे, हा श्रीमंत आणि विकसनशील देशांतला वाद इथे एका राज्यापुरता कागदावर उतरलेला सापडतो.

मंजुरीला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गट आणि बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप यांनी आव्हान दिले. डिसेंबर 1990 मध्ये उच्च न्यायालयात आणि मार्च 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एक गोष्ट त्यांच्या पदरात पडली. धुरातला गंधकाचा वायू काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्याची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी 20 जूनला केंद्राने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरवला आणि उद्योगांसाठी जास्तीत जास्त 500 एकरांची मर्यादा घातली. प्रकल्प मात्र उभा राहिलाच. 1995 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. 275 मीटर उंचीची चिमणी होती, एफजीडी नव्हती.

अधिसूचना पाळली जात नाही, ही तक्रार पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेतून पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर 1996 च्या आदेशानंतर डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. प्राधिकरणाने मे 1999 मध्ये एफजीडी बसवण्याचा आदेश दिला, तरी काम रेंगाळले. कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली. 2005 मध्ये प्राधिकरणाने तिच्याकडे 300 कोटी रुपयांची बँक हमी मागितली. 2007 मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी सुरू झाली. वीज मुंबईला पोचू लागल्यावर डहाणूच्या वाट्याची ही यंत्रणा यायला बारा वर्षे गेली.

या तारखांशेजारी जगाच्या तारखा ठेवून पाहाव्यात. डहाणूच्या अधिसूचनेनंतर वर्षभराने, जून 1992 मध्ये, रिओत हवामान करार सह्यांसाठी खुला झाला. जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाची सारखी नाही, हे तत्त्व त्यात आहे. 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ओईसीडीच्या हिशेबानुसार तो आकडा 2022 मध्ये गाठला गेला. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताने सभागृहातच आक्षेप घेतला. विकसित देशांनी पुढाकार घ्यावा, इतकेच त्या मजकुरात आहे. कोणत्या देशाने किती द्यायचे, ते नाही.

डहाणूत अट कोणावर आहे हे ठाऊक होते, ती पाळली का हे विचारणारे प्राधिकरण होते आणि शेवटी पैशांची हमीही मागितली गेली. हवामान करारांत तत्त्व आहे, आकडे आहेत, पण चुकणाऱ्याकडून हमी मागणारे कोणी नाही. डहाणूच्या कागदांनाही मर्यादा आहेतच. वारली पाडे त्यांत स्वतः याचिकाकर्ते म्हणून बोलत नाहीत. आणि जी अट डहाणूत इतक्या खटपटीने पाळली गेली, तिच्यातून जुलै 2025 मध्ये केंद्राने देशातल्या बहुसंख्य औष्णिक केंद्रांना सूट दिली.

आता मुंबईच्या उपनगरांची काही वीज जैसलमेरच्या सौर आणि पवन प्रकल्पांतून येते. इंधन बदलले, तरी वीज एकीकडे आणि जमीन दुसरीकडे ही मांडणी कायम आहे. म्हणून तिथल्या गावांसाठीही अट, मुदत आणि हमी वीज सुरू होण्याआधी ठरली पाहिजे. नंतर ठरवण्याची किंमत कोण देतो, ते 1995 ते 2007 या बारा वर्षांत डहाणूने पाहिले आहे.