गालबोट

बाळाला न्हाऊमाखू घातलं की आजी काजळात बोट बुडवते आणि त्याच्या गालावर टेकवते. देखण्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून लावलेला तो काळा ठिपका. पुढे 'गालबोट' म्हणजे उणेपणा असा अर्थ रूढ झाला, पण मुळात ते राखणदारीचं बोट आहे. सौंदर्याने झपाटलेल्या समाजांच्या ज्या अद्भुत कादंबऱ्या आज इंग्रजीत किशोरवयीनांसाठी लिहिल्या जातात, त्यांचं कूळ शोधत मागे गेलं तर आपण पोचतो तेही एका गालावरच्या बोटांपाशीच.

नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकी लेखकाची 'द बर्थमार्क' ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. जॉर्जियाना या सुंदर स्त्रीच्या डाव्या गालावर इवल्याशा पंजासारखी तांबूस जन्मखूण आहे. तिच्या शास्त्रज्ञ नवऱ्याला हा एवढाच डाग सलतो. तो औषध तयार करतो, ती पिते, खूण फिकट होत जाते आणि ती पुसली जाताच जॉर्जियानाचा प्राण जातो. इथे समाज नाही, शासन नाही, आहेत फक्त नवरा आणि बायको. पण पुढच्या सगळ्या वंशाचं बीज याच कथेत आहे: वैगुण्य म्हणून जे खुडून काढाल, त्यालाच जीव धरून असेल.

घरातला हा हट्ट समाजाचा नियम झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. चार्ल्स बोमाँटने १९५२ साली 'द ब्यूटिफुल पीपल' लिहिली. तिच्यातल्या जगात वयात आलेल्या प्रत्येकाने शरीर बदलून सुंदर व्हायचं, ही रीतच आहे. एक मुलगी मात्र नको म्हणते. याच कथेवरून केलेला 'द ट्वायलाइट झोन' या दूरचित्रवाणी मालिकेचा भाग जानेवारी १९६४ मध्ये दाखवला गेला. त्यात चेहरे निवडायचे ते क्रमांक लावलेल्या नमुन्यांतून. सगळे एकसारखेच दिसतात, म्हणून मोजक्याच नटनट्यांनी अनेक पात्रं रंगवली. शेवटी मुलगी बदलते आणि आरशासमोर आनंदाने उभी राहते. रूपाबरोबर तिचं 'नको'ही गेलेलं असतं, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

मधल्या काळात, १९६० साली, इंग्रज लेखक एल. पी. हार्टलीने 'फेशियल जस्टिस'मध्ये कल्पना उलटी फिरवली. तिसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये मत्सर हेच भांडणाचं मूळ ठरतं. स्त्रियांच्या चेहऱ्यांच्या अल्फा, बीटा, गॅमा अशा प्रती लागतात आणि सगळ्यांनी मधल्या प्रतीचं व्हावं अशी सत्तेची इच्छा असते. नायिका जेल ९७ अपघातानंतर इस्पितळात शुद्धीवर येते, तेव्हा तिला न विचारताच तिचा चेहरा बीटा केलेला असतो. सगळ्यांना सुंदर करा नाहीतर सगळ्यांना बेताचं करा, सुरी एकच.

सुरी चेहऱ्यावरून मेंदूकडे वळली ती २००२ साली. टेड चँगच्या 'लायकिंग व्हॉट यू सी: अ डॉक्युमेंटरी' या कथेत चेहऱ्यांचं सौंदर्य जाणवूच नये अशी मेंदूतली व्यवस्था करता येते. ती विद्यापीठात सक्तीची करावी का, यावर विद्यार्थी हिरिरीने वाद घालतात. या कथेवरून चँग आणि स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्यात ईमेलवर जी चर्चा झाली, तिने आपल्या कादंबरीला आकार दिला, असं वेस्टरफेल्डने पुस्तकातच नोंदवलं आहे.

ती कादंबरी 'अग्लीज' २००५ साली आली आणि कुळाला खरा किशोर वाचक मिळाला. सोळा वर्षांपर्यंत सगळे 'कुरूप' आणि सोळाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली की 'सुंदर'. त्याच शस्त्रक्रियेत मेंदूत जखमा करून माणसांना गुणी, बिनतक्रार करून टाकतात, हे टॅली या नायिकेला उशिरा कळतं. मला मात्र आरंभीचा प्रसंग कधी विसरता येत नाही. टॅली आणि तिचा जिवलग मित्र पेरिस यांनी मैत्रीची आण म्हणून तळहातावर व्रण करून घेतलेले असतात. सुंदर झालेल्या पेरिसला ती चोरून भेटायला जाते, तर त्याच्या हातावर व्रणच नसतो. जॉर्जियानाच्या गालावरची बोटं इथे तळहातावर उतरली आहेत आणि पुसली गेल्यावर मरते ती मैत्री.

धोनिएल क्लेटनच्या 'द बेल्स'ने २०१८ साली या कुळात बाजार आणला. ऑर्लिआँमध्ये माणसं राखाडी जन्मतात. अंगी जादू असलेल्या 'बेल' मुली त्यांना रंगरूप देतात, पण ते ओसरतं, म्हणून पुन्हा पुन्हा विकत घ्यावं लागतं. उणेपणा कायम राहील याचीच इथे तजवीज आहे. या धंद्यात बेल मुलींचं स्वतःचं आयुष्यही वेठीला धरलेलं असतं.

हे कूळ मोठ्यांच्या कथांतून किशोरांकडे आलं, हे मला फार योग्य वाटतं. चेहरा रोज बदलतो, आरसा सुटत नाही आणि जो तो शेरा मारतो, असं ते वय. आपल्याकडे स्थळाच्या जाहिरातीतली 'गोरी, सडपातळ' ही अट याच वयातल्या मुलींच्या कानांवर पडत असते. त्यांच्या हाती ही पुस्तकं द्यावीत. आपल्या अंगावरचा कोणता डाग आपला राखणदार आहे, हे मुलीला सोळाव्या वर्षी कळलं, तर आजीचं बोट अजून तिच्या गालावर आहे.