ब्राउनहेल्मची मतमोजणी

सप्टेंबर १८५४. ओहायो राज्यातल्या एलिरिया गावच्या कोर्टात तुम्ही मागच्या बाकावर अंग चोरून बसला आहात. पुढे चोवीस वर्षांचा एक तरुण वकिलीच्या सनदेची वाट बघतोय. नाव जॉन मर्सर लँगस्टन. परीक्षक वकिलांनी त्याला उलटसुलट विचारून झालंय आणि ज्ञानात तो कुठेच उणा नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. अडचण वेगळीच आहे. हा काळा आहे, मग याला सनद द्यायची कशी?

त्याला उभं राहायला सांगतात. न्यायाधीश निरखून बघतात. मान उंच करून तुम्हीही बघता. न बघून सांगता कुणाला! बाप राल्फ क्वार्ल्स, व्हर्जिनियातला गोरा मळेवाला. आई लूसी लँगस्टन, त्याच बापानं गुलामीतून मुक्त केलेली, आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाची. ज्याच्या अंगात काळ्यापेक्षा गोरं रक्त जास्त, तो कायद्यापुरता गोरा, असं ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं आधीच ठरवून ठेवलंय. अपूर्णांक जमतो आणि लँगस्टन ओहायोतला पहिला काळा वकील होतो, तोही गोरा ठरून. (आपल्या लग्नाच्या जाहिरातींतला ‘गव्हाळ’ या गणितात कुठे बसला असता, हा विचार तुमच्या मनात येतोच.)

यातली गंमत त्याला कळत नसेल असं समजू नका. ओबर्लिन कॉलेजातून तो बी.ए. झाला, एम.ए. झाला, पण कायद्याच्या शाळांनी दार लावून घेतलं. न्यूयॉर्क राज्यातल्या बॉल्स्टन स्पाच्या शाळेनं एक पळवाट सुचवली होती: फ्रेंच किंवा स्पॅनिश असल्याचं सांग, घेतो तुला. त्यानं साफ नकार दिला आणि एलिरियातच फिलेमन ब्लिस या वकिलाच्या हाताखाली बसून कायदा शिकला. जे सोंग घ्यायला त्यानं नकार दिला, ते आता कोर्टानं त्याला न विचारताच अंगावर चढवलं.

आता सात महिने पुढे चला. २ एप्रिल १८५५, सोमवार. लेक ईरीच्या काठचं ब्राउनहेल्म. मॅसॅच्युसेट्समधून येऊन इथलं रान तोडून वसलेल्या शेतकऱ्यांची ही वस्ती. आज टाउनशिपची निवडणूक आहे. लँगस्टननं इथे शेत घेतलंय, ऑक्टोबरात कॅरोलाइन वॉलशी लग्न केलंय, आणि वकिलीही चालू लागलीय. अशिलांत गोरे बरेच. आपला दावा जिंकून देणारा वकील कोणत्या रंगाचा, हे कज्जेदलाल माणूस फार वेळ बघत बसत नाही.

आज गुलामगिरीविरोधी लिबर्टी पार्टीनं क्लार्कच्या जागेसाठी त्याचं नाव पुढे केलंय. सभांची टिपणं आणि गावची दप्तरं सांभाळायची, म्हणजे जवळपास आपल्या ग्रामसेवकाचं काम, फक्त इथे ते मतांनी मिळतं. ओहायोच्या राज्यघटनेनुसार मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना. चिठ्ठ्या पडतात, मोजल्या जातात, आणि लँगस्टन चांगल्या मताधिक्यानं निवडून येतो. इथे कुणी रक्ताचे अपूर्णांक मांडत बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गुलामगिरीविरोधी चळवळीतला काळा पुढारी फ्रेडरिक डग्लस याला पत्र लिहितो. तुम्ही खांद्यावरून डोकावा. ब्राउनहेल्मनं एका काळ्या माणसाला निवडून दिलंय, असं तो कळवतो. आणि या टाउनशिपात काळा माणूस एकच राहतो, तेव्हा नाव तुम्हीच ओळखा! कोर्टानं दिलेला गोरेपणा त्यानं पत्रात कुठेही वापरलेला नाही.

अमेरिकेत निवडून आलेला हा पहिला काळा माणूस, असं बरेचदा लिहितात. त्याआधी १८३६ मध्ये व्हरमाँटच्या विधिमंडळात अलेक्झांडर ट्वायलाइट गेला होता, तेव्हा हा मान जरा जपूनच द्यावा. मला त्या मानापेक्षा पत्रातला खट्याळपणा मोलाचा वाटतो.

पुढची वर्षं भराभर उलटू. ओबर्लिनला मुक्काम, तिथल्या रशिया टाउनशिपचं क्लार्कपद, नगर परिषद, शिक्षण मंडळ. मग हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचे डीन, हैतीतले अमेरिकेचे राजदूत. आता त्यांना अरे-तुरे करणं बरं नव्हे.

नोव्हेंबर १८८८, व्हर्जिनियातलं पीटर्सबर्ग. अठ्ठावन्न वर्षांचे लँगस्टन काँग्रेससाठी उभे आहेत. मतदान केंद्रांवर काळ्यांची रांग वेगळी, गोऱ्यांची वेगळी, आणि काळ्यांची हलता हलत नाही. तुमचे पाय दुखायला लागतात. पण बाहेर लँगस्टनचा माणूस वही घेऊन उभा आहे. त्यांची चिठ्ठी घेऊन आत जाणाऱ्यांची नावं टिपतोय. मुरलेल्या क्लार्कचीच ही शिस्त. निकालात डेमोक्रॅट उमेदवार एडवर्ड व्हेनेबल विजयी ठरतो आणि लँगस्टन त्या निकालाला आव्हान द्यायला पुराव्यांचा गठ्ठा घेऊन वॉशिंग्टन गाठतात.

ब्राउनहेल्मच्या निकालाचं पत्र दुसऱ्याच दिवशी निघालं होतं. इथे काँग्रेसचा निर्णय व्हायला २३ सप्टेंबर १८९० उजाडतो. गणसंख्या भरू नये म्हणून डेमोक्रॅट सदस्य सभागृह सोडून जातात, तरी ठराव होतो आणि लँगस्टनना जागा मिळते. मुदत मार्च १८९१ मध्ये संपणार असते, आणि मधल्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक. ती ते हरतात.